गाडीच्या काचेवरचे क्षारांचे डाग: ते कसे जडतात आणि कसे निघतात

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने रोज धुतली जाणारी गाडी काही महिन्यांनी जवळून निरखून पाहावी. पत्रा स्वच्छ असतो, चाकेही स्वच्छ असतात, पण काचांवर पांढुरक्या ठिपक्यांची आणि ओघळांची जाळी पसरलेली असते. ती शॅम्पूने जात नाही आणि काच पुसण्याच्या निळ्या द्रवानेही जात नाही. ओले फडके फिरवले की दिसेनाशी होते आणि काच वाळली की जशीच्या तशी परत उमटते. दिवसाच्या साध्या उजेडात तिचा फारसा त्रास जाणवत नाही. परंतु रात्री समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर दिवा किंवा सकाळचे तिरपे ऊन त्या काचेवर पडले, की प्रत्येक ठिपका प्रकाश विखुरतो आणि चालकाच्या डोळ्यांसमोर दुधाळ पडदा उभा राहतो. म्हणूनच हा प्रश्न मी केवळ गाडीच्या देखणेपणाचा मानत नाही. अंधारात रस्ता ओलांडणारा माणूस वेळेवर दिसेल की नाही, हेही या काचेवर अवलंबून असते.

हे डाग काढण्यापूर्वी ते कशाचे बनलेले आहेत, हे समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण बहुतेक लोक त्यांना मळ समजतात आणि मळ काढण्याच्या रीतीने, म्हणजे घासून, काढू पाहतात. वस्तुतः ते दगडाचे पातळ थर आहेत. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकांच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपत राहिले की खडकातील खनिजे थोडी थोडी विरघळवून सोबत घेते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग दख्खनच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे, आणि या खडकातील फेल्डस्पार व पायरॉक्सिन ही खनिजे झिजताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका (वाळूचा मुख्य घटक) सोडतात. त्यात काळ्या मातीत आणि नदीकाठच्या गाळात सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांची भर पडते. म्हणूनच सह्याद्रीतील धरणांतून नळाने येणारे पाणी त्या मानाने मऊ असते, तर त्याच शहराच्या उपनगरातील बोअरवेलचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली चढते आणि बाथरूमच्या नळांवर कडक पांढरा थर धरतो. गाडीच्या काचेवर जमणारा पदार्थही मुख्यतः तोच असतो.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, पाण्याचा एकूण जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या (म्हणजे चुनखडीच्या) हिशेबात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावा, असे ठरवलेले आहे. आता ५०० मिलिग्रॅम जडपणाचे पाणी घेऊन साधा हिशेब करू. गाडी धुतल्यावर सर्व काचांवर मिळून २० मिलिलिटर पाणी राहिले आणि ते तसेच वाळू दिले, तर एका धुण्यात १० मिलिग्रॅम क्षार काचेवर उरतात. वर्षात ३०० वेळा गाडी धुतली, तर तो आकडा ३ ग्रॅम होतो. त्यातला काही भाग पुढच्या धुण्यात निघून जातो हे खरे, पण उरलेला एकावर एक साचत जातो आणि प्रत्येक नवा थर जुन्या थराला घट्ट धरून बसतो.

थेंब वाळताना दोन गोष्टी घडतात. पाण्यात कॅल्शियम हे बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेले असते. पाणी तापले किंवा आटू लागले की त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरते, जे शुद्ध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे जे पाण्यासोबत सहज आले, ते नंतर नुसत्या पाण्याने परत जात नाही. दुसरी गोष्ट डागाच्या आकाराविषयी आहे. थेंबाच्या कडेला पाणी अधिक वेगाने उडून जाते आणि ती तूट भरून काढण्यासाठी आतले पाणी कडेकडे वाहत राहते, त्यामुळे टेबलावर वाळलेल्या चहाच्या थेंबाप्रमाणे इथेही डागाची कड जाड आणि मध्य पातळ राहतो. काचेवर दिसणारी ती वर्तुळे याच प्रवाहाने घडवलेली असतात. ऊन जितके कडक आणि काच जितकी तापलेली, तितकी ही क्रिया जलद होते; उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर पाणी ओतण्यासारखे दुसरे नुकसानकारक काम काचेच्या बाबतीत नाही.

इथपर्यंतचा डाग काचेच्या पृष्ठावर बसलेला असतो आणि तो रसायनाने सहज सोडवता येतो. परंतु तो महिनोन्महिने तसाच राहिला, तर प्रकरण पुढच्या टप्प्यात जाते, आणि हा टप्पा नीट समजला नाही म्हणूनच अनेकांची निराशा होते. गाडीची काच ही सोडा-चुन्याची काच असते. तिच्यात ७० टक्क्यांहून अधिक सिलिका असते आणि उरलेल्या भागात मुख्यतः सोडियम व कॅल्शियमची ऑक्साइडे असतात. काचेवर ओलावा दीर्घकाळ टिकून राहिला, की वरच्या थरातील सोडियम हळूहळू त्या पाण्यात उतरते आणि पाण्याची ती पातळ फिल्म अल्कधर्मी होत जाते. तिची अल्कता पुरेशी वाढली, म्हणजे सामू (पीएच) ९ च्या वर गेला, की ती काचेच्या मूळ सिलिकेच्या जाळ्यालाच खाऊ लागते. त्याच वेळी पाण्यातून आलेली सिलिका काचेतील सिलिकेशी थेट जोडली जाते. अशा वेळी डाग कुठे संपतो आणि काच कुठे सुरू होते, हे वेगळे काढणेच अवघड होते. व्हिनेगर चुना विरघळवते, सिलिका विरघळवत नाही; त्यामुळे जुन्या डागावर व्हिनेगर लावून अर्धाच उपयोग झाला, तर दोष व्हिनेगरचा नसतो.

म्हणून उपाय निवडण्याआधी डागाचे वय ओळखावे. काच शॅम्पूने स्वच्छ धुऊन वाळवावी आणि नखाने डागावरून हलकेच घासून पाहावे. नखाला कड लागत असेल, तर वर थर आहे. मग त्यावर व्हिनेगरचा एक थेंब ठेवून दोन-तीन मिनिटे थांबावे. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तेवढी जागा स्वच्छ झाली, तर तो कार्बोनेटचा ताजा डाग आहे आणि तो निघणार आहे. थेंबाचा काहीच परिणाम झाला नाही, पण नखाला कड लागते आहे, तर सिलिकेचा किंवा सल्फेटचा वाटा मोठा आहे. नखाला काहीच लागत नाही, काच गुळगुळीत वाटते, आणि तरीही वाळल्यावर पांढरी छाया दिसते, तर काच स्वतःच खाल्ली गेली आहे. एक चौथी शक्यताही तपासावी: वायपर फिरतो त्या पट्ट्यात रात्री इंद्रधनुषी चकाकी दिसत असेल, तर तो क्षार नसून तेलकट फिल्म असण्याची शक्यता अधिक आहे आणि तिला आम्ल नव्हे, तर साबण लागतो.

ताज्या आणि मध्यम डागांसाठी घरात मिळणारे पांढरे व्हिनेगर पुरेसे असते. त्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते, आणि कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन तयार होणारे कॅल्शियम ॲसिटेट पाण्यात सहज विरघळते. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक आम्लही चालते; अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे अंदाजे ३ टक्क्यांचे द्रावण करावे. सायट्रिक आम्ल स्वस्त आणि कमी वासाचे आहे, पण कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसे विरघळत नसल्याने ते काचेवर वाळले तर नवाच पांढरा थर मागे ठेवते. मला म्हणून पहिल्या प्रयत्नाला व्हिनेगर अधिक बरे वाटते.

काम सावलीत आणि काच थंड असताना करावे. प्रथम भरपूर पाणी आणि शॅम्पू वापरून काचेवरची धूळ पूर्ण काढून टाकावी, कारण धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असल्याने पुढच्या प्रत्येक घासण्यात ओरखडे काढतील. उभ्या काचेवर आम्ल टिकत नाही, खाली ओघळून जाते. यासाठी किचनमधले टिश्यू पेपर काचेवर चिकटवून ते व्हिनेगरने भिजवावेत आणि पाच ते दहा मिनिटे तसेच ठेवावेत. ते वाळत आहेत असे दिसले तर पुन्हा शिंपडावे. आम्ल काचेवर वाळू देणे हीच या पद्धतीतील सर्वात मोठी चूक आहे. नंतर टिश्यू काढून मऊ मायक्रोफायबर कापडाने गोलाकार न घासता सरळ रेषेत पुसावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. पुढच्या काचेखालच्या जाळीतून आम्ल बॉनेटच्या आत झिरपते, म्हणून तिथे जास्त पाणी सोडावे. पत्र्यावर पडलेल्या थेंबांनी रंग लगेच बिघडत नाही, पण वरचे मेणाचे आवरण जाते. तोही भाग शॅम्पूने धुऊन घ्यावा. एकदा केल्याने डाग फिका झाला पण गेला नाही, तर हीच क्रिया पुन्हा करावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी निघणारे डाग बरेच असतात. हात जड करून ते लवकर निघत नाहीत.

काचेच्या आतल्या बाजूला फिल्म लावलेली असेल, तर तिथे आम्ल वापरू नये. मागच्या काचेच्या आतून जाणाऱ्या तांबूस रेषा या धुके घालवणाऱ्या हीटरच्या तारा असतात, त्यांनाही घासू नये. हेडलाइटचे आवरण प्लॅस्टिकचे असते. त्यावर सौम्य आम्ल चालते, पुढे सांगितलेली घासण्याची साधने मुळीच चालत नाहीत. आणि काम कुठल्या फरशीवर चालले आहे तेही पाहावे, कारण शहाबादी आणि कोटा या दोन्ही फरश्या चुनखडीच्या आहेत. काचेवरचा चुना विरघळवणारे आम्ल खालच्या फरशीचीही चमक घालवते.

घरगुती उपायांपैकी एकाविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावावे, असे सर्रास सांगितले जाते. फसफसणे दिसायला परिणामकारक असते, परंतु तिथे आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात आणि काचेवर काम करायला आम्ल उरतच नाही. सोडा वापरायचाच असेल, तर तो शेवटी, धुण्याच्या बादलीत चिमूटभर घालावा. टूथपेस्टने फारसे काही साधत नाही.

याहून गंभीर गोष्ट तीव्र आम्लांची आहे. संडास साफ करण्याच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते कार्बोनेट झटकन विरघळवते, पण सिलिकेवर त्याचाही परिणाम होत नाही, म्हणजे जे व्हिनेगरने निघाले नसते ते यानेही निघत नाही. उलट क्रोमच्या पट्ट्या, वायपरचे धातूचे भाग आणि पत्र्याच्या कडा गंजतात आणि वाफा डोळ्यांना व घशाला लागतात. ब्लीचिंगच्या द्रवाशी कोणतेही आम्ल चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. आणि क्षणात काच लख्ख करण्याचा दावा करणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असते. सिलिका विरघळवणारे आम्ल तेच, आणि म्हणूनच ते काचही खाते. त्वचेवर पडले की सुरुवातीला फारसे दुखत नाही, पण ते आत शिरते, शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि हृदयावरही परिणाम करू शकते. बाटलीवर घटक छापलेले नसतील, तर असा द्रव विकत घेऊ नये आणि गाडी धुणाऱ्या माणसाच्या हातात तर मुळीच देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आम्लानंतरही थर शिल्लक असेल, तरच घासण्याकडे वळावे. इथे कठीणपणाचा क्रम लक्षात ठेवला की चुका टळतात. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोह्जच्या (Mohs) मापनात कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूपातले कॅल्शियम कार्बोनेट, ३ वर, काच साधारण ५.५ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. भांडी घासण्याच्या अनेक हिरव्या घासण्यांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि ते ९ वर आहेत. त्या घासणीने डाग जाईल, पण काचेवर कायमचे ओरखडे राहतील. त्याऐवजी गाड्यांच्या दुकानात मिळणारी क्ले बार, म्हणजे पृष्ठभागावरचे चिकटलेले कण उचलणारी मऊ वडी, शॅम्पूच्या पाण्याने काच ओली ठेवून फिरवावी. तिने न भागल्यास चार शून्यांच्या श्रेणीची अत्यंत बारीक पोलादी लोकर ओल्या काचेवर हलक्या हाताने वापरता येते. स्वयंपाकघरातील तारेची घासणी म्हणजे ती नव्हे. कोपऱ्यात दोन बोटे जागेवर आधी करून पाहावे आणि उन्हाच्या दिशेने तपासून मगच पुढे जावे. कोरड्या काचेवर मात्र यातले काहीही फिरवू नये.

शेवटचा उपाय सीरियम ऑक्साइडचा आहे. भिंगे आणि आरसे घडवणारे कारागीर हीच भुकटी वापरतात. तिचा कठीणपणा काचेच्या जवळपासच आहे, आणि ती केवळ खरवडत नाही. पाण्याच्या सान्निध्यात तिचे कण काचेतील सिलिकेशी क्षणिक बंध जोडतात आणि अतिसूक्ष्म थर उचलून नेतात. त्यामुळे सिलिकेचा डागही निघतो आणि काच पारदर्शक राहते. भुकटी पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडने, मशीन कमी वेगावर ठेवून, काच सतत ओली राखत फिरवावी लागते. एकाच जागी थांबले तर काच तापते, आणि पुढची काच दोन थरांची असल्याने एका बिंदूला तापून तडकू शकते. शिवाय एका ठिकाणी जास्त पॉलिश झाले तर तिथे खोलगटपणा येऊन पलीकडचे दृश्य वेडेवाकडे दिसते. बाजूच्या काचांवर हा दोष कदाचित खपून जाईल, पण चालकाच्या थेट नजरेसमोरच्या भागात तो धोकादायक आहे. तिथे हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे, आणि काच खोलवर खाल्ली गेली असेल, तर पॉलिश करत बसण्यापेक्षा ती बदलणे अधिक शहाणपणाचे ठरते.

तळघरातील पार्किंगमध्ये स्लॅबमधून टपकणाऱ्या पाण्याचे डाग वरवर पाहता असेच दिसतात, पण ते वेगळे आणि अधिक घातक असतात. काँक्रीटमधून झिरपणारे पाणी त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइड घेऊन येते आणि त्याचा सामू १२ च्या आसपास असतो. काचेवर पडल्यावर ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून दगड बनते, पण तोपर्यंत त्याच्या तीव्र अल्कतेने रंगावर आणि काचेवर चरे पडलेले असतात. असा ओघळ दिसताच भरपूर पाणी ओतावे आणि व्हिनेगरने पुसावे. एक आठवडाही थांबू नये. गाडीची जागा बदलता येत नसेल, तर गळतीखाली पत्र्याची पन्हळ लावून घेण्याचा आग्रह सोसायटीकडे धरावा. बांधकामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीवर सिमेंटची धूळ आणि दव एकत्र येऊन हाच प्रकार घडतो, आणि तिथे कोरडे फडके मारणे सर्वांत वाईट.

डाग पडूच नयेत यासाठी पाण्याविषयीचे काही गैरसमज दूर होणे गरजेचे आहे. पाण्याची बचत म्हणून अनेक घरांत आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी साठवून त्याने गाडी धुतात. बचतीची भावना योग्य आहे, पण आरओ यंत्र गाळलेल्या पाण्यातील क्षार त्या टाकाऊ पाण्यातच ढकलते, त्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षाही जड असते. ते चाकांना आणि अंगणाला वापरावे, काचांना नको. सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल, तर टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरचा, आकडा कमी झाला नाही म्हणून तो बिघडला असे समजू नये. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, एकूण क्षार तेवढेच राहतात. डाग तरीही पडतात, पण सोडियमचे क्षार पाण्यात विरघळत असल्याने ओल्या कापडाने पुसले जातात. शेवटच्या धुण्यासाठी खरोखर चांगले पाणी बहुतेक घरांत फुकट उपलब्ध असते: एसीच्या नळीतून टपकणारे पाणी हवेतील बाष्पाचे बनलेले असल्याने त्यात क्षार जवळपास नसतात. काचांपुरते दोन-तीन लिटर पुरते. वायपरच्या टाकीतही बोअरचे पाणी भरू नये, कारण ते बारीक फवारे बुजवते आणि प्रत्येक वापरात काचेवर नवा थर सोडते. तिथे एसीचे किंवा आरओचे शुद्ध पाणी, नाहीतर बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरावे.

काचेवर पाणी न थांबू देणारे कोटिंग उपयोगी आहे, कारण त्यामुळे क्षार काचेला घट्ट धरत नाहीत. पण ते लावले म्हणून पुसणे सोडू नये. कोटिंगवर पाणी थेंबाथेंबाने गोळा होते आणि ते थेंब उन्हात वाळले तर ठसठशीत वर्तुळे उमटतात. या सगळ्या उपायांपेक्षा धुतल्यावर लगेच काच कोरडी करणे अधिक परिणामकारक आहे. सोसायटीत पहाटे गाड्या धुणाऱ्या दादांना एका बादलीत अनेक गाड्या उरकायच्या असतात आणि काचा वाळवण्याचा वेळ त्यांच्या महिन्याच्या पैशांत धरलेला नसतो. त्यांना फक्त काचांसाठी एक वेगळे कोरडे मायक्रोफायबर कापड द्यावे, आधी पुढची काच आणि मग बाजूच्या काचा पुसायला सांगावे, आणि त्या जास्तीच्या कामाचे पैसे वेगळे द्यावेत.